हैदराबादचा ओटा, गायगर काउंटर आणि बायकोचा प्रश्न: ग्रॅनाइटला किती घाबरायचं?

मुसीकाठचा_पुणेकर | रवि, रात्री १०:१२

मंडळी, जरा मदत हवी आहे. मूळचा पुण्याचा, नोकरीमुळे दोन वर्षं हैदराबादेत. इथं सहाव्या मजल्यावर फ्लॅट घेतला आणि स्वयंपाकघरात हौसेने टॅन ब्राऊन ग्रॅनाइटचा ओटा करून घेतला. करीमनगरकडचा दगड, तपकिरी-तांबूस, मोठे मोठे डाग असलेला. दिसतो झकास.

मागच्या महिन्यात हौसेपायी एक गायगर काउंटर, म्हणजे किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र, मागवला. पुण्याला आईकडे गेलो तेव्हा बरोबर नेला होता. तिथे हॉलमध्ये ०.०९ मायक्रोसीव्हर्ट (शरीराला मिळणाऱ्या किरणोत्सर्गाचं माप) प्रति तास. आईचा ओटा जुना, कडप्प्याचा, त्यावरही तेवढंच. परत आल्यावर इथल्या हॉलमध्ये बघतो तर ०.२२! आणि ओट्यावर ठेवला तर ०.३०, मधेच एकदा ०.३८. यंत्र चिर्रर्र करायला लागलं, ते बायकोने ऐकलं, आणि आता कणीक मळायचं काम डायनिंग टेबलावर सरकलं आहे. "ओटा काढायचा की नाही ते सांग" एवढाच प्रश्न आहे तिचा. मुलगी चार वर्षांची.

घाबरायचं का? आणि घाबरायचं नसेल तर बायकोला पटेल असं कारण द्या. "सगळीकडेच असतं" हे मी सांगून झालंय, चाललं नाही.

चहाबाज | रवि, रात्री १०:३१

रात्री दिवा बंद करून बघा ओटा चमकतो का. चमकला तर वीजबिल वाचेल.

खडूस_पेठकर | रवि, रात्री १०:५०

पुण्यातून गेलात तेव्हाच सांगितलं होतं. आमचा काळा पाषाण बघा, कसलीही भानगड नाही.

देगलूरची_गारगोटी | रवि, रात्री ११:२६

पेठकर गमतीत म्हणाले, पण बरोबर म्हणाले. पुणं बसलंय दख्खनच्या बेसाल्टवर, हैदराबाद ग्रॅनाइटवर. फरक ओट्यात नाही, पायाखालच्या खडकात आहे.

मी भूशास्त्राची विद्यार्थिनी, नांदेड जिल्ह्यातली. आमच्याकडे ही सीमा डोळ्यांनी दिसते. नांदेडहून देगलूरकडे निघालं की कुठेतरी काळी माती संपते, माती तांबूस होते आणि शेतात एकावर एक रचल्यासारखे गोल धोंडे दिसायला लागतात. ते धोंडे म्हणजे ग्रॅनाइट. तेच पुढे तेलंगणात पसरत जातात. हैदराबादेत बंजारा हिल्सला जे महाकाय गोटे दिसतात ते त्याच भावकीतले, अडीच अब्ज वर्षांच्या घरातले. आपला बेसाल्ट त्यांच्यापुढे काल जन्मलेला, साडेसहा कोटी वर्षांचा.

ग्रॅनाइटमध्येच किरणोत्सर्गी द्रव्यं जास्त का? शिलारस खाली सावकाश थंड होताना आधी लोह-मॅग्नेशियमची खनिजं घट्ट होतात. युरेनियम आणि थोरियमचे अणू आकाराने मोठे, त्यांना त्या स्फटिकांत जागा मिळत नाही. ते उरलेल्या रसात साठत जातात आणि शेवटी जो खडक होतो त्यात अडकतात. तोच ग्रॅनाइट. पोटॅशियम तर ग्रॅनाइटमधल्या फेल्डस्पार या खनिजात भरपूर. म्हणून ढोबळ मानाने ग्रॅनाइटमध्ये युरेनियम दशलक्ष भागांत तीन ते पाच भाग, थोरियम दहा ते वीस, पोटॅशियम साडेतीन-चार टक्के. बेसाल्टमध्ये युरेनियम एक भागही भरत नाही.

मायक्रोस्कोपखाली तर हे चक्क दिसतं. ग्रॅनाइटच्या पातळ कापात तपकिरी अभ्रक असतो, त्यात झिरकॉन या खनिजाचा बारीक दाणा, आणि दाण्याभोवती काळसर वर्तुळ, चहाच्या कपाचा डाग पडावा तसं. झिरकॉनमधल्या युरेनियम-थोरियममधून निघालेल्या अल्फा कणांनी (अणू फुटताना बाहेर पडणारे जड कण) भोवतीचा अभ्रक करपवलेला असतो. वर्तुळाची त्रिज्या म्हणजे अल्फा कण दगडात जितका जाऊ शकतो तितकं अंतर, मिलिमीटरचे काही शतांश. पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी सरांना विचारलं होतं, काच घाण आहे का.

मुसीकाठचा_पुणेकर | सोम, सकाळी ८:०५

गारगोटीताई, फारच छान. म्हणजे हॉलमधला ०.२२ हा शहराचा. मग ओट्यावरचा जास्तीचा ०.०८ हा ओट्याचा, असंच ना? बायकोचा मुद्दा तोच आहे.

मोजणीमास्तर | सोम, सकाळी ११:४०

पुणेकर, आधी तुमचं यंत्र काय सांगतंय ते पाहू. माझी तीस वर्षं गॅमा मोजण्यात गेली, त्यामुळे थोडं लांबेल.

पहिली गोष्ट, ०.३८ विसरा. तुमच्या यंत्राच्या नळीत मिनिटाला चाळीस-पन्नास ठोके पडत असतील. हे ठोके पावसाच्या थेंबांसारखे, कधी दाट कधी विरळ. जितके ठोके मोजले त्याचं वर्गमूळ ही त्यातली अनिश्चितता. मिनिटात ५० आले तर सात इकडे, सात तिकडे. अर्धा तास मोजलेत आणि १५०० आले तर अनिश्चितता ३९, म्हणजे अडीच टक्के. एका मिनिटाच्या आकड्यावर ओटा फोडायचा नसतो.

दुसरी गोष्ट महत्त्वाची. गायगरची नळी बीटा (वेगवान इलेक्ट्रॉन, लगेच अडतात) आणि गॅमा (क्ष-किरणांसारखे, आरपार जाणारे) दोन्हींवर ठोके देते आणि आत बसलेलं गणित सगळ्यांना गॅमा समजून मायक्रोसीव्हर्टमध्ये आकडा दाखवतं. दगडाला यंत्र चिकटवलंत की पोटॅशियम-४० चे बीटा कण सरळ नळीत घुसतात. ते तुमच्या पोटापर्यंत काय, एप्रनच्या आतही धडपणे पोचत नाहीत, पण आकडा फुगवतात.

उपाय घरातच आहे. जाड लोखंडी तवा घ्या. ओट्यावर तवा पालथा, त्यावर यंत्र, अर्धा तास. चार मिलिमीटर लोखंडातून बीटा पार होत नाही, गॅमा बहुतेक होतो. तीन मोजण्या करा: हॉलच्या मध्ये, ओट्यावर उघडं, ओट्यावर तवा ठेवून. मायक्रोसीव्हर्ट नको, नुसते ठोके सांगा.

चहाबाज | सोम, दुपारी १२:०२

भाकरी करपली तर जबाबदार कोण?

दगडफोड्या | सोम, दुपारी १:१५

ग्रॅनाइटच्या धंद्यात बावीस वर्षं आहे म्हणून लिहितो. आधी एक समजून घ्या, आमच्या बाजारात जो दगड आरशासारखा पॉलिश घेतो त्या सगळ्याला ग्रॅनाइटच म्हणतात. ब्लॅक गॅलेक्सी घ्या, काळ्यात सोनेरी ठिपके, आंध्रात ओंगोलजवळच्या चिमकुर्तीचा. भूशास्त्रवाले म्हणतात हा ग्रॅनाइटच नव्हे, गॅब्रोच्या जातीचा आहे. गारगोटीताई खरं-खोटं सांगतील. आम्ही "जेट ब्लॅक", "लाल", "गुलाबी", "टॅन" एवढंच ओळखतो.

गिऱ्हाईक आजकाल यूट्यूब बघून येतं आणि विचारतं, याच्यातून रेडिएशन येतं का. मी म्हणतो, साहेब, माझ्या गोडाऊनला पाचशे स्लॅब उभ्या आहेत आणि मी त्यांच्यामध्ये बसून डबा खातो.

देगलूरची_गारगोटी | सोम, दुपारी २:४८

दगडफोड्या दादा, खरं आहे. गॅलेक्सीसारख्या काळ्या दगडांत पोटॅशियम फेल्डस्पार नगण्य आणि युरेनियम-थोरियमही कमी, त्यामुळे ते काउंटरवर शांत असतात. लाल-गुलाबी रंगाचे बहुधा जास्त बोलतात. पण रंगावरून छातीठोक सांगू नये. फेल्डस्पार लाल होतो तो त्यातल्या लोहामुळे, युरेनियममुळे नाही.

ऊसवाला | सोम, सायं ७:३०

आमच्या भाच्याकडे असलंच यंत्र आहे, कॉलेजच्या प्रोजेक्टचं. दिवाळीत आला होता. घरातल्या सगळ्या वस्तूंना लावून बघत होता. फरशी, देव्हारा, म्हशीची दावण, काही नाही. शेडमध्ये पोटॅश खताची पोती होती, ०:०:६० ची, त्याच्यावर ठेवलं आणि यंत्र बोंबलायलाच लागलं. ग्रॅनाइटचं काय घेऊन बसलात! आता सांगा, तीस वर्षं हे हाताने फेकतोय आम्ही.

मोजणीमास्तर | सोम, रात्री ८:५५

ऊसवाले, तुमच्या भाच्याने फार चांगला प्रयोग केला. नैसर्गिक पोटॅशियममध्ये ०.०११७ टक्के पोटॅशियम-४० असतं, अर्धायुष्य (निम्मे अणू संपायला लागणारा वेळ) १.२५ अब्ज वर्षं. एक ग्रॅम पोटॅशियम म्हणजे सेकंदाला सुमारे ३१ विघटनं, म्हणजे ३१ बेकेरेल. ०:०:६० मध्ये निव्वळ पोटॅशियम निम्मं. पन्नास किलोच्या पोत्यात २५ किलो, म्हणजे पावणेआठ लाख बेकेरेल. ऐकायला भयंकर. पण तुमच्या स्वतःच्या अंगातही दीडशे ग्रॅमच्या आसपास पोटॅशियम आहे, म्हणजे चार हजारांवर बेकेरेल, रात्रंदिवस. बेकेरेल फक्त ठोके मोजतो. ते कुठे पडतात, किती ऊर्जेचे, शरीराच्या आत की बाहेर, हे तो सांगत नाही. ते सीव्हर्टचं काम. पोती बिनधास्त उचला. कमरेची काळजी घ्या.

खडूस_पेठकर | सोम, रात्री ९:१०

मास्तर, गायगर एवढा बेभरवशाचा तर प्रयोगशाळेत कसं मोजता?

मोजणीमास्तर | सोम, रात्री १०:४२

बेभरवशाचा नाही, मोघम आहे. ठोका पडला एवढं सांगतो, कुणी मारला ते नाही.

प्रयोगशाळेत दगड आधी फोडतात, दळतात, चाळतात, ११० अंशांवर ओव्हनमध्ये वाळवतात. मग ती पूड प्लॅस्टिकच्या डब्यात भरून तोंड हवाबंद करतात आणि डबा महिनाभर नुसता ठेवून देतात. नव्या पोरांना हे पटत नसे. कारण असं: युरेनियमच्या साखळीत रेडियम येतं आणि रेडियमपासून रेडॉन. रेडॉन हा वायू. दगड दळला की तो उडून जातो. आपण मोजतो ते गॅमा मुख्यतः रेडॉनच्या पुढच्या पिढीचे, शिसं-२१४ आणि बिस्मथ-२१४ यांचे. रेडॉनचं अर्धायुष्य ३.८ दिवस. सात-आठ अर्धायुष्यं डब्यात कोंडून ठेवलं की साखळी पुन्हा समतोलात येते, मग बिस्मथवरून रेडियमचा हिशेब करता येतो.

एकदा एका विद्यार्थ्याने विसाव्या दिवशी "झाकण नीट बसलंय ना" हे बघायला पंधरा डबे उघडले. नीट बसलेली होती. पुन्हा पहिल्यापासून महिना.

मग डबा जर्मेनियम डिटेक्टरवर, म्हणजे प्रत्येक गॅमाची ऊर्जा वेगळी ओळखणाऱ्या यंत्रावर. हा द्रव नायट्रोजनने थंड ठेवायचा, भोवती दहा सेंटिमीटर शिशाच्या भिंती, आतून तांब्याचं अस्तर. एक नमुना दिवसभर मोजतात. पडद्यावर हळूहळू सुळके उभे राहतात. ६०९ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला बिस्मथ, ९११ ला ॲक्टिनियम, १४६१ ला पोटॅशियम, आणि पार उजवीकडे २६१४ ला थोरियमच्या साखळीतलं थॅलियम, एकटंच उभं. प्रत्येकाची जागा ठरलेली, चुकीला वाव नाही. रिकामा डबा तितकाच वेळ मोजून वजा करायचा, नाहीतर प्रयोगशाळेच्या भिंती दगडाच्या नावावर लागतात.

एक काल्पनिक पण हैदराबादच्या ग्रॅनाइटला शोभेलसं उदाहरण घेऊ. किलोमागे रेडियम ६०, थोरियम १००, पोटॅशियम १२०० बेकेरेल. तिघांची ताकद सारखी नसते म्हणून भार देऊन बेरीज करतात: रेडियम, अधिक थोरियम गुणिले १.४३, अधिक पोटॅशियम गुणिले ०.०७७. येतात २९५. बांधकामाच्या साहित्याला ३७० ही मर्यादा धरतात. युरोपातली पद्धत जरा निराळी: रेडियम भागिले ३००, थोरियम भागिले २००, पोटॅशियम भागिले ३०००. इथे ०.२ अधिक ०.५ अधिक ०.४, म्हणजे १.१. एकाच्या वर गेलं! पण तो एकचा निकष सगळं घरच त्या दगडाचं बांधलं असेल तर. वरून लावलेल्या पातळ लादीला तो लागू करत नाहीत. पेपरात "मर्यादेपेक्षा जास्त" अशी बातमी येते तेव्हा बऱ्याचदा नेमका हाच घोळ असतो.

ओपीडी | मंगळ, सकाळी ७:२०

ग्रॅनाइटबद्दल एखाद्या रुग्णाने विचारलं तर मी गॅमाबद्दल बोलतच नाही, रेडॉनबद्दल बोलते. जगाची सरासरी धरली तर माणसाला निसर्गाकडून वर्षाला २.४ मिलिसीव्हर्ट मिळतात, त्यातला निम्मा वाटा एकट्या रेडॉनचा. वायू श्वासाबरोबर येतो-जातो. त्याची पिलावळ, पोलोनियमचे अणू, धुळीला चिकटून फुप्फुसात बसतात आणि तिथे अल्फा कण सोडतात. बाहेरून निरुपद्रवी असणारा अल्फा आत गेला की सगळ्यांत वाईट. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या कारणांत धूम्रपानाखालोखाल रेडॉन आहे, आणि जो बिडी ओढतो त्याला दोन्ही मिळून जास्तच महागात पडतं. जागतिक आरोग्य संघटना घरातल्या हवेसाठी घनमीटरला १०० बेकेरेल ही पातळी सुचवते, ते जमणारच नसेल तर ३०० च्या वर नको म्हणते.

केरळचं उदाहरण कुणीतरी देणारच, म्हणून मीच देते. करुनागपल्लीच्या किनाऱ्यावर मोनाझाइटच्या (थोरियम असलेल्या खनिजाच्या) वाळूमुळे गॅमाची पातळी आपल्या कितीतरी पट आहे. तिरुवनंतपुरमच्या रीजनल कॅन्सर सेंटरने तिथल्या ६९,९५८ लोकांचा सरासरी साडेदहा वर्षं पाठपुरावा केला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत जास्तीच्या गॅमामुळे कर्करोग वाढल्याचं दिसलं नाही. पण हे वाचून "किरणोत्सर्ग तब्येतीला बरा" असले फॉरवर्ड पाठवू नका, प्लीज.

साता_समुद्रापार | मंगळ, दुपारी ३:३५

मी इंग्लंडात कॉर्नवॉलला नर्स आहे. इथे जमिनीखाली ग्रॅनाइट, आणि रेडॉन हा घर घेताना वकील विचारतो तो नेहमीचा मुद्दा. आम्ही घर घेतलं तेव्हा पोस्टाने प्लॅस्टिकच्या दोन डब्या आल्या, डोनटएवढ्या. एक दिवाणखान्यात, एक झोपायच्या खोलीत, तीन महिने हलवायच्या नाहीत. सासूबाई आल्या होत्या, त्यांनी एक डबी झाडून पुसून कपाटात ठेवली. परत काढली.

आमचा आकडा २६० आला. इथे २०० च्या वर उपाय करा म्हणतात. तळमजल्याच्या लादीखाली बादलीएवढा खड्डा करून त्यात पाइप आणि पंखा बसवला. पंखा जमिनीखालची हवा ओढून छपरावर सोडतो. पुढच्या मोजणीत ४० च्या आत. आमच्या ओट्यावर ग्रॅनाइट आहे, त्याबद्दल मात्र एकानेही विचारलं नाही.

मोजणीमास्तर | मंगळ, सायं ६:१०

ताईंच्या डबीत एक प्लॅस्टिकचा तुकडा असतो. अल्फा कण त्यावर आदळला की सूक्ष्म ओरखडा पडतो. भारतात एलआर-११५ नावाची फिल्म वापरतात. तीन महिन्यांनी ती कॉस्टिक सोड्याच्या ६० अंशांच्या द्रावणात दीड तास ठेवली की ओरखड्यांची भोकं होतात, ती मोजायची. यंत्र साधं, धीर लागतो.

आणि त्या अमेरिकेतल्या माणसाची गोष्ट सांगायलाच हवी. १९८४ चा डिसेंबर, पेनसिल्व्हेनिया. स्टॅन्ली वॉट्रास नावाचा इंजिनिअर लिमेरिकच्या अणुवीज केंद्रात कामाला. केंद्र अजून सुरूही झालं नव्हतं आणि दारावरचा अलार्म याला बघून वाजायचा. शेवटी कळलं की किरणोत्सर्ग तो घरून अंगावर घेऊन येत होता. घराखालच्या खडकातून रेडॉन आत साचत होता, घनमीटरला लाखभर बेकेरेल.

मुसीकाठचा_पुणेकर | बुध, रात्री ९:४८

मास्तर, मोजणी झाली. प्रत्येकी तीस मिनिटं, मुलगी झोपल्यावर.

हॉलच्या मध्ये: ११४० ठोके.
ओट्यावर उघडं: १५९०.
ओट्यावर तवा, तव्यावर यंत्र: १२३०.

तवा ठेवला आणि आवाज पडला तो बायकोलाही ऐकू आला. ती येऊन उभी राहिली, तवा काढ, परत ठेव, असं तीनदा करून घेतलं. ओटा किती लांब-रुंद तेही विचारतील म्हणून मोजला: तीन मीटर बाय साठ सेंटिमीटर, जाडी दोन.

मोजणीमास्तर | बुध, रात्री ११:२०

शाब्बास. आता हिशेब.

उघड्या ओट्यावर हॉलपेक्षा ४५० जास्त, अनिश्चितता ५२. फरक खरा आहे. तव्यासकट फक्त ९० जास्त, अनिश्चितता ४९. हा फरक आहे असंही ठामपणे म्हणता येत नाही. म्हणजे चारपंचमांश आरडाओरडा बीटाचा होता. तवा थोडा गॅमाही अडवतो, म्हणून उरलेल्याचे दुप्पट धरू: तासाला ०.०३ मायक्रोसीव्हर्ट. वहिनी रोज चार तास ओट्याला टेकून उभ्या राहिल्या तरी वर्षाला ०.०४ मिलिसीव्हर्ट.

रेडॉनही बघू. तुमच्या ओट्याचं वजन ९५ किलो भरतं. किलोला ६० बेकेरेल रेडियम धरलं तर तासाला ४३ बेकेरेल रेडॉन तयार होतो. तो सगळाच्या सगळा बाहेर पडला (पॉलिश केलेल्या दगडातून तसा पडत नाही), घरात दोनशे घनमीटर हवा आहे आणि ती दोन तासांत एकदाच बदलते असं धरलं, तरी घनमीटरला अर्धा बेकेरेलही होत नाही. ओपीडी ताईंचा आकडा होता शंभर.

आता वहिनींना दाखवू नका असा हिशेब. पुणे ०.०९, हैदराबाद ०.२२. यंत्राचा आकडा तसाच धरला तर नुसतं शहर बदलल्याने वर्षाला एक मिलिसीव्हर्टच्या वर वाढलं. ओट्याच्या पंचवीसपट. ओटा काढून काय करणार, बदली घ्यावी लागेल.

मुसीकाठचा_पुणेकर | गुरु, सकाळी ८:३०

तिने वाचलं. ती मागे उभी होती. "मग राहू दे ओटा" म्हणाली. बदलीचं वाक्य तिला जास्तच आवडलं आहे, ते आता ऐकावं लागणार.

दगडफोड्या | गुरु, सकाळी १०:०५

एवढं सगळं झालं, आता माझंही ऐका. तुमचा ओटा बसवला तेव्हा सिंकचं भोक घरातच कापलं असेल, कोरड्या ब्लेडने. पांढरा धूर आठवतो? तो दगडाचा भुगा, त्यात गारेचं (क्वार्ट्झचं) प्रमाण मोठं. माझ्याकडचा जुना कटर, चाळीशीतच दम लागायला लागला. डॉक्टरांनी सिलिकोसिस सांगितलं, दगडाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार. रेडिएशन त्याला कुणी विचारलं नाही. आता माझी पोरं पाणी सोडूनच कापतात आणि मास्क लावतात, पण साइटवर गिऱ्हाईकच ओरडतं, घर ओलं करू नका म्हणून.

ओपीडी | गुरु, दुपारी १:४०

दगडफोड्या, अगदी खरं. सिलिकोसिस एकदा झाला की मागे फिरत नाही, आणि क्षयालाही वाट करून देतो. रुमाल बांधून उपयोग नसतो, बारीक धूळ त्यातून आरपार जाते.

देगलूरची_गारगोटी | गुरु, सायं ५:१५

पुणेकर, एक राहिलं. तुमच्या सोसायटीत बोअरचं पाणी आहे का? ग्रॅनाइटच्या भेगांतून येणाऱ्या पाण्यात युरेनियम विरघळून येऊ शकतं. पाण्यातल्या युरेनियमचा त्रास किरणोत्सर्गापेक्षा रसायन म्हणून जास्त, मूत्रपिंडाला. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला ३० मायक्रोग्रॅम. हे गायगरने कळणार नाही, पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत द्यावा लागतो. आमच्या भागात मी हीच तपासणी करायला घेतली आहे.

मुसीकाठचा_पुणेकर | गुरु, रात्री १०:२२

आहे. उन्हाळ्यात टँकर, एरवी बोअर. पिण्याचं आरओचं असतं, पण भाजी-भांडी सगळं बोअरवर. सेक्रेटरीला विचारलं शेवटची तपासणी कधी झाली, तर त्यांनी क्षाराचा रिपोर्ट दाखवला, तोही चार वर्षांपूर्वीचा. शनिवारी बाटली भरून देतोय. रिपोर्ट आला की इथेच टाकतो.

ऊसवाला | शुक्र, सकाळी ६:५०

बाटली भरताना आधी पाच मिनिटं पाणी वाहू द्या. पाइपात साठलेलं देऊ नका.